सहा सेकंदांची खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे. माझ्यातून वारा येत नाही आणि समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडेही दिसत नाहीत, कारण मी संगणकाच्या पडद्यावर उघडते. माझे वय दोन वर्षे चार महिने. मित्रांनो, तुमच्यात हे बोबडे बोलण्याचे वय; आमच्यात मात्र या वयाच्या खिडकीला पाहून लोक म्हणतात, "अजून हीच चालू आहे?"

माझे काम आधी सांगते. संगणकावर निरनिराळी सॉफ्टवेअर लागतात. कुणाला चित्रे काढण्याचे हवे असते, कुणाला पत्रे लिहिण्याचे, कुणाला छायाचित्रे उजळवण्याचे. ती शोधून आणायची, बसवायची, नवी आवृत्ती आली की बदलायची आणि नको झाली की काढून टाकायची, हे सगळे एका जागेवरून करणारे एक ॲप आहे. त्या ॲपची मी पहिली खिडकी. एखाद्या संगणकावर ते प्रथमच उघडले की मी पुढे येते, नमस्कार करते, काही प्रश्न विचारते आणि उत्तरे मिळाली की मिटते. मिटले तरी मी पुसली जात नाही. आत एका कप्प्यात पडून असते आणि बाहेरचे बोलणे ऐकत राहते. माझ्या हजारो प्रती हजारो संगणकांवर आहेत, पण मन एकच आहे असे समजा.

माझा जन्म बिबवेवाडीत, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर झाला. खाली गिरणी सुरू झाली की वरची टेबले थरथरत. त्या थरथरत्या टेबलांवर एजाज आणि अवनी या दोघांनी मला घडवले. मी कसे चालायचे ते एजाज लिहीत असे. माझ्यावर कोणती अक्षरे कुठे असावीत, ते अवनी ठरवत असे. एका शब्दासाठी ती दोन दोन दिवस घालवी. 'रद्द करा' लिहावे की 'नको' लिहावे यावर त्यांचे एकदा एवढे वाजले की खालून गिरणीवाले पाहायला आले.

तेव्हा माझे तीनच प्रश्न होते. कोणती भाषा हवी? नव्या आवृत्त्या आपोआप आणू का? कोणत्या वेळी आणू? मी फार उत्सुक होते. आता लोक मला वाचणार, विचार करणार, उत्तर देणार!

पहिल्या माणसाने माझ्याकडे पाहिलेच नाही. त्याने 'पुढे', 'पुढे', 'पुढे' असे तीनदा दाबले आणि मी मिटले. मी हबकून गेले. दुसऱ्यानेही तेच केले. शंभराव्यानेही. एका गृहस्थांनी यादीत सगळ्यांत वर होती म्हणून अझरबैजानी भाषा निवडली आणि मग आठवडाभर आमच्या मदतीच्या क्रमांकावर रोज फोन करून विचारले, "तुमच्याकडे मराठी माणूस कामाला नाही का?"

माणूस माझ्यासमोर किती वेळ थांबतो, याची नोंद एजाजकडच्या तक्त्यात होत असे. सुरुवातीला सरासरी अकरा सेकंद होती. त्याने माझे रंग बदलले, बटणे मोठी केली, मजकूर कमी केला. सरासरी सहावर आली. त्या दिवशी त्याने सगळ्यांसाठी क्रीमरोल आणले. लोक मला कमी पाहतात म्हणून माझे कौतुक होत होते! हे कळायला मला जरा वेळ लागला. पण कौतुक ते कौतुक. मीही सुखावले.

मग मोठी कार्यालये आमची गिऱ्हाइके झाली. त्यांच्या गरजा वेगळ्या होत्या. घरातल्या माणसाला हवे ते बसवता आले पाहिजे, पण कार्यालयाच्या संगणकावर काय असावे हे कार्यालय ठरवणार. म्हणून मला चौथा प्रश्न मिळाला: 'हा संगणक कशासाठी वापरला जातो? घर / कार्यालय.' त्याखाली अवनीने एक वाक्य लिहिले: 'कार्यालय निवडल्यास, कार्यालयाच्या यादीत नसलेली सॉफ्टवेअर त्यांत साठवलेल्या मजकुरासह काढून टाकली जातील.'

एजाजने ते वाचले आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"अवनी, हे वाचून भीती वाटते."

"वाटायलाच पाहिजे."

"अगं, कार्यालयाचा संगणक असणार तो. तिथे माणूस स्वतःचं काय ठेवणार? आणि इतकं वाचतं कोण?"

"एखादा वाचणारा निघाला तर?"

"तर तो बाण दाबेल आणि वाचेल. घडी घालून ठेवू आत. पुसत नाहीये मी."

अवनीने ते वाक्य पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाली, "ठेव. या शहरात लोक गाडी लावू नका एवढं सांगायला भिंतभर पाटी लिहितात. आपणच लाजाळू निघालो."

पण तिने वाद वाढवला नाही. माझ्यावर 'अधिक माहिती' असे शब्द आणि एक लहानसा बाण आला, आणि ते वाक्य बाणाच्या आत गेले. माझी सरासरी सहा सेकंदांवर टिकून राहिली. दीड वर्षात मी अनेक कार्यालयांत उघडले, आणि तो बाण दाबणारे मला फारसे कुणी भेटले नाही.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी मी धायरीतल्या एका घरी उघडले. समोर हेमाताई बसल्या होत्या. त्या औषधांच्या वेष्टणावरचा मजकूर तपासण्याचे काम करतात. किती मिलिग्रॅम, किती वेळा, कुणी घेऊ नये, यातला एक शब्दही चुकता कामा नये. आठवड्यातले चार दिवस त्या हे काम घरून करतात. घरून काम करणाऱ्यांनी आमचे ॲप बसवून घ्यावे, असे त्यांच्या कार्यालयाने त्या आठवड्यात कळवले होते.

घरात लॅपटॉप एकच. दुपारी तीनपर्यंत तो हेमाताईंचा, आणि तीननंतर आमोदचा.

आमोद त्यांचा मुलगा. सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. हात आणि जीभ त्याचे ऐकत नाहीत. डोके मात्र फार लवकर ऐकते. उजवा अंगठा त्यातल्या त्यात शहाणा आहे, आणि त्या अंगठ्याखाली एक मोठे गोल बटण असते. हेमाताईंच्या भाच्याने, माधवने, कॉलेजात असताना आमोदसाठी 'बोलकी पाटी' नावाचे सॉफ्टवेअर बनवले होते. पडद्यावर अक्षरे मांडलेली असतात, उजेडाचा एक चौकोन त्यांवरून फिरतो, आणि चौकोन हव्या त्या अक्षरावर आला की आमोद बटण दाबतो. अक्षराला अक्षर जोडून वाक्य होते. ते साठवून ठेवता येते, म्हणजे पुढच्या वेळी एकदोनदा दाबले की संगणक ते मोठ्याने बोलतो.

चार वर्षांत आमोदने अशी दोन हजार चारशे बारा वाक्ये रचली होती. त्यांचे त्याने कप्पे केले होते: आईसाठी, शाळेसाठी, दुखतंय, क्रिकेट, पाहुणे. पाहुण्यांच्या कप्प्यातले एक वाक्य सोसायटीत प्रसिद्ध होते. शेजारचे एक काका त्याच्याशी नेहमी ओरडून आणि एकेक शब्द सुटा करून बोलत. एके दिवशी लॅपटॉप त्यांना म्हणाला, "काका, मला ऐकू येतं. सावकाश बोलायची गरज मला आहे, तुम्हाला नाही."

त्या शनिवारी आमोदची भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. तोंडी प्रश्नांची उत्तरे लॅपटॉपवरून द्यायला त्याला परवानगी मिळाली होती. त्यासाठी त्याने महिनाभर खपून चौसष्ट उत्तरे तयार केली होती.

यातले काहीही मला ठाऊक नव्हते. मला एवढेच दिसले की समोरच्या बाई माझ्यावरून बोट फिरवत आहेत. त्या मला वाचत होत्या! पहिला प्रश्न वाचला, सगळे पर्याय वाचले, पुन्हा प्रश्न वाचला. माझा स्वतःवर विश्वास बसेना. दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न. चार मिनिटे झाली. इतका वेळ माझ्यासमोर कुणी बसले नव्हते. तिकडे बिबवेवाडीत एजाजच्या तक्त्यावर लाल ठिपका उमटला होता. त्याचा अर्थ, कुणीतरी अडकले आहे.

चौथ्या प्रश्नाशी हेमाताई थांबल्या.

"दोन्हीसाठी वापरतो आम्ही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पण दोन्ही असं उत्तरच नाही. बसवतेय तर ऑफिसच्या कामासाठी. मग खरं ते सांगावं." त्यांनी 'कार्यालय' निवडले.

आणि बाण? मित्रांनो, त्यांना बाण दिसला होता. त्यांनी 'अधिक माहिती' हे शब्दही वाचले. पण त्यांच्या कामात धोक्याची सूचना समोर छापलेली असते, आणि 'अधिक माहिती'खाली कारखान्याचा पत्ता व फोन नंबर असतो. वाचायला हवे ते सगळे वाचून झाले, असे समजून त्यांनी 'पूर्ण' दाबले. सहा मिनिटे दहा सेकंद. मी मिटले. मी अगदी भारावून गेले होते.

वीस मिनिटांनी त्यांच्या कार्यालयाची यादी आली. एकतीस नावे. 'बोलकी पाटी' त्यांत नव्हती. ॲपने तिला काढले, तिच्यात साठवलेल्या मजकुरासह. त्याला चार सेकंद लागले.

मी आतून पाहत होते. ओरडायला मला तोंड नव्हते. जे वाक्य मी दीड वर्ष पोटात घडी घालून ठेवले होते, ते माझ्या डोळ्यांदेखत शब्द न् शब्द खरे होत होते.

तीन वाजता हेमाताईंनी लॅपटॉप आमोदच्या चाकांच्या खुर्चीसमोर ठेवला आणि बटण त्याच्या अंगठ्याखाली सरकवले. त्याने दाबले. काही झाले नाही. पुन्हा दाबले.

"वायर सुटली का रे?" हेमाताई खाली वाकल्या. वायर जागेवर होती. मग त्यांनी पडद्यावर पाहिले. जिथे पाटीचे चित्र असायचे, तिथे रिकामी जागा होती.

पुढची दहा मिनिटे त्या शोधत होत्या. आमोदचा अंगठा मात्र थांबत नव्हता. टक्, टक्, टक्. मी त्याआधी कधी कुणाला इतके बोलताना ऐकले नव्हते, आणि एकही शब्द बाहेर येत नव्हता.

"आमोद, तू काही बदललंस का काल?" त्याने डोळे मिटून घेतले. त्यांच्या घरात याचा अर्थ 'नाही'. वर पाहिले की 'हो'. चार वर्षांपूर्वी माय-लेक असेच बोलत, फक्त हो आणि नाही. त्या दुपारी ते पुन्हा तिथेच येऊन पोचले.

मग हेमाताईंनी ॲप उघडले, मला परत बोलावले आणि बाण दाबला. घडी उलगडली. त्यांनी वाक्य वाचले. एकदाच. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. आमची कंपनी लहान. फोन पाळीपाळीने घेतात. पाळी एजाजची होती.

"नमस्कार. तुमच्या पहिल्या खिडकीबद्दल बोलायचंय."

"बोला मॅडम. अडकलाय का कुठे? तुम्ही नुसतं पुढे दाबत गेलात तरी..."

"मी अडकले नाही. मी वाचलं. सहा मिनिटं."

एजाजने तक्त्यावरचा लाल ठिपका पाहिला. "धायरी का?"

"धायरी. आता ऐका. मी औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासते. 'या गोळीने झोप येते, वाहन चालवू नये', हे वाक्य आम्ही घडीच्या आत छापलं, तर सगळा माल परत येतो. तुम्ही ते बाणाखाली ठेवलंत."

"मॅडम, माहिती दिलेली आहे तिथे."

"दिलेली नाही. ठेवलेली आहे."

मग एजाजने विचारले, "काय गेलं तुमचं?"

"माझं काही गेलं नाही. माझ्या मुलाचं बोलणं गेलं. परवा त्याची तोंडी परीक्षा आहे."

शुक्रवारी सकाळी एजाज आणि अवनी स्कूटरवरून धायरीला आले. बूट दारात काढून एजाज थेट लॅपटॉपसमोर बसला. दोन तास त्याने सगळे प्रयत्न केले. पुसलेले परत मिळवायची तीन साधने चालवून पाहिली. मधेच माधवचा ईमेल आला. त्याने पाटी पाठवली होती. ती बसवली. उजेडाचा चौकोन अक्षरांवरून फिरू लागला.

"पाटी आली, ताई," एजाज मान खाली घालून म्हणाला. "वाक्यं नाही आली. येणार नाहीत. मी... मलाच ते वाक्य लांब वाटलं होतं."



एजाज आमोदकडे वळला. "आमोद, मी भरभर टाइप करतो. पुस्तकातून चौसष्टच्या चौसष्ट उत्तरं संध्याकाळपर्यंत घालून देतो. तू नुसतं तपास."

अंगठा हलला. चौकोन फिरला, थांबला, फिरला, थांबला. तीन मिनिटे कुणी जागचे हलले नाही. मग लॅपटॉप म्हणाला, "माझी उत्तरं मी."

आणि आणखी दोन मिनिटांनी: "तुम्ही चहा करा."

अवनीला हसू आवरेना. एजाज खरोखरच उठून स्वयंपाकघरात गेला, आणि मागून हेमाताईंचा त्या दिवसातला पहिला नीट आवाज आला, "साखर वरच्या फळीवर आहे. आणि आलं ठेचून घाला, किसू नका."

अवनी प्रश्न वाचत गेली, आमोद अक्षरे दाबत गेला. दुपारपर्यंत नऊ उत्तरे झाली. संध्याकाळी सातला एकवीस. तोवर अंगठा सुजून लाल झाला होता. हेमाताईंनी त्याला तेल लावले आणि बटण काढून घेतले. आमोदने डोळे घट्ट मिटले. नाही, नाही, नाही. "पुरे," त्या म्हणाल्या. "उद्यासाठी अंगठा हवा."

शनिवारी लॅपटॉपबरोबर मीही परीक्षेला गेले. परीक्षक बाईंनी पाच प्रश्न विचारले. चार उत्तरे एकविसांत होती. लॅपटॉपने ती खणखणीत सांगितली. मग पाचवा प्रश्न आला. "बहिर्वक्र भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला, तर पडद्यावरच्या प्रतिमेचं काय होईल?"

हे उत्तर गुरुवारपर्यंत पाटीत होते. आता नव्हते.

चौकोन फिरू लागला. सुजलेला अंगठा एकदा उशिरा पडला आणि चुकीचे अक्षर आले. ते पुसायला आणखी अर्धे मिनिट. बाईंनी घड्याळ पाहिले, मग ते मनगटावरून काढून पर्समध्ये ठेवले. दाराबाहेर मुले खोळंबली होती. माझ्यासाठी सहा सेकंदही जास्त मानले जात होते, आणि इथे एक अनोळखी बाई सात मिनिटे एका वाक्याची वाट पाहत बसली होती. मी थक्क होऊन मोजत राहिले.

लॅपटॉप म्हणाला, "प्रतिमा पूर्ण. फक्त अंधूक."

"बरोबर," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले. मेमध्ये निकाल लागला. भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आमोदला तीसपैकी सत्तावीस होते.

पण मित्रांनो, दोन हजार चारशे बारा वाक्ये परत आली नाहीत. आमोद ती पुन्हा रचतो आहे. काही त्याला आठवतात. काही आठवत नाहीत, आणि कोणती आठवत नाहीत हेही कळत नाही, असे तो हेमाताईंना म्हणाला. ते ऐकून मला जो धक्का बसला, तो चार सेकंदांच्या धक्क्याहून मोठा होता.

एजाजने मला बदलले. बाण गेला. ते वाक्य आता प्रश्नाच्या वर आहे, मोठ्या अक्षरांत. 'दोन्हीसाठी' हे तिसरे उत्तर आले. ते निवडले तर काहीही काढले जात नाही. आणि कार्यालयाची यादी आली की काढण्याआधी मी प्रत्येक सॉफ्टवेअरचे नाव दाखवते, त्यात काय साठवले आहे ते सांगते आणि थांबते. माझी सरासरी तेवीस सेकंदांवर गेली. दोन गिऱ्हाइकांनी 'तुमची सुरुवात फार वेळ खाते' असे लिहून आम्हाला सोडले. एजाजने ती पत्रे अवनीला दाखवली. ती म्हणाली, "क्रीमरोल आण." तो गेला आणि घेऊन आला.

मागच्या आठवड्यात मी कात्रजच्या एका कार्यालयात उघडले. उम्मेहानी नावाच्या बाई एकामागून एक चाळीस संगणकांवर ॲप बसवत होत्या. घाईत होत्या; चहा निवून त्यावर साय धरली होती. सतराव्या संगणकावर मी एक अनोळखी नाव दाखवले आणि त्याखाली लिहिले: 'यात तीनशे सहा नोंदी साठवलेल्या आहेत.' त्यांचे बोट 'काढा'वर होते. तिथेच ते थांबले. त्या खुर्चीतून अर्धवट उठल्या आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असे त्यांनी विचारले, "अहो, हे कुणाचं आहे?"

लांबच्या कोपऱ्यातून कुणाची तरी खुर्ची घाईघाईने मागे सरकली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या माझ्यासारख्या खिडक्या बनवेल, कुणी त्या भराभर मिटवेल. वाचत जा, असे मी सांगू शकले असते. पण जिने मला सर्वांत नीट वाचले, तिचेच मी सर्वांत जास्त नुकसान केले. म्हणून बनवणाऱ्यांना विनवते: ज्याने कुणाचे काही जाणार आहे, ते वाक्य घडीत ठेवू नका. आणि दाबणाऱ्यांनो, पुसण्याआधी मान वर करून खोलीत एकदा मोठ्याने विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा. काहींना सात मिनिटे लागतात.